फेस मळाचा नाही, फरशीचा! अ‍ॅसिड ओतण्याआधी घरात कुठली फरशी आहे ते बघा

धाराशिव : दिवाळी तोंडावर आली, घरात लग्न निघालं किंवा गावची जत्रा जवळ आली, की घरोघरी एक काम ठरलेलं असतं. सामान अंगणात, भिंतींना रंग आणि सगळ्यात शेवटी फरशी. रंगाला माणूस लावतात, फरशी मात्र घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणायची, फरशीवर ओतायची आणि खराट्याने घासत बसायचं. चरचर आवाज होतो, पांढरा फेस येतो, वाफ नाकाला झोंबते. बघणारे म्हणतात, "बघा, कसा मळ निघायलाय!"

पण घरात शहाबादी फरशी असेल, तर त्यातला बराचसा फेस मळाचा नसतो. फरशीच विरघळत असते. चार-पाच दिवाळ्या असं झालं, की तीच फरशी खडबडीत होते आणि आधीपेक्षा जास्त मळ धरते. मग पुढच्या वर्षी अ‍ॅसिड आणखी कडक लागतं. हे चक्र का सुरू होतं, ते कसं थांबवायचं आणि मशीनवाल्या माणसाला पैसे देणं कधी परवडतं, हे समजून घेतलं तर पैसाही वाचतो आणि हातपायही.

भुई बदलली, सवय मागे राहिली

आधी घरात शेणाने सारवलेली भुई होती. तिथे मळ काढायचा प्रश्नच नव्हता. आठ दिवसांनी नवं सारवण घातलं, की जुना थर खाली गेला. मग शहाबादी आली. शहाबाद हे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातलं गाव, आणि आपला उमरगा तालुका तर कर्नाटकाच्या सीमेलाच लागून. त्यामुळे वाड्यापासून गोठ्यापर्यंत हीच फरशी बसली. पुढे मोझॅक आली, काहींनी कोटा टाकली. आता नवीन घर बांधलं की हॉलमध्ये दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असतेच.

या सगळ्या फरशा दिसायला सपाट असल्या तरी जात वेगवेगळी आहे. साफ करायचं औषध मात्र सगळ्यांना एकच लावलं जातं. घोळ इथेच होतो.

पांढरे डाग येतात कुठून?

बहुतेक घरांत वापरायचं पाणी बोअरचं असतं. जमिनीतून येताना हे पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. यालाच आपण जड पाणी म्हणतो. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, बंबात आणि हिटरच्या कॉइलवर पांढरी खर बसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

फरशी पुसली की पाणी वाळून जातं, पण क्षार वाळून उडून जात नाहीत. ते तिथेच बसतात. आज पुसली, उद्या पुसली, असा रोज एक पातळ थर चढतो. नळाखाली, न्हाणीत, माठाच्या तिवईखाली जिथे पाणी सतत पडतं, तिथे तर पापुद्राच धरतो. म्हणजे फरशी कुणी पुसत नाही म्हणून पांढरी पडते असं नाही, तर रोज पुसूनही पडते. "दिवसभर पुसते तरी फरशी कळकटच" असं म्हणणाऱ्या बाईचा यात काही दोष नसतो.

दुसरं कारण साबण. फरशी पुसायच्या पाण्यात मूठभर वॉशिंग पावडर टाकली आणि नंतर साध्या पाण्याने पुसलं नाही, तर साबणाचा चिकट थर राहतो. त्यावर पायाची धूळ, मळणीच्या दिवसांत सोयाबीनचा भुसा, चुलीचा धूर सगळं चिकटतं. ओल्या पायाने त्यावरून गेलं की घसरायलाही होतं. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर खुब्याच्या हाडावर बेततं.

खरही चुनाच आणि शहाबादीही चुनाच

आता मुख्य मुद्दा. पाण्याची जी पांढरी खर बसते, ती बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट असते. शहाबादी, कोटा, तांदूर, काळा कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. चुनखडी म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवराचंही तेच. अ‍ॅसिडला खर कुठली आणि दगड कुठला हे कळत नाही. ते दोन्ही सारखंच खातं. खाताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच फेस.

खर गेल्यावर अ‍ॅसिड थांबत नाही, खालचा दगड खायला लागतं. घासून घासून गुळगुळीत झालेला वरचा भाग जातो, दगडाची बारीक छिद्रं उघडी पडतात. त्या दिवशी फरशी स्वच्छ दिसते, कारण वरचा थरच निघालेला असतो. दोन महिन्यांत त्या छिद्रांत तेल, चहा, धूळ जाऊन बसते आणि ती पुसून निघत नाही.

मोझॅकचंही तसंच. ती सिमेंट आणि संगमरवराच्या खड्यांची बनते. अ‍ॅसिड दोन्ही खातं.

चकचकीत सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलला मात्र या अ‍ॅसिडने सहसा काही होत नाही, कारण ती माती भट्टीत भाजून केलेली असते. पण दोन टाइलच्या मधली सांध सिमेंटची असते. वारंवार अ‍ॅसिड टाकलं की सांध भुसभुशीत होते, झिजते. मग पाणी खाली मुरतं आणि न्हाणीच्या पलीकडच्या भिंतीला ओल येते. टाइल शाबूत आणि भिंत खराब, असा हिशेब होतो.

ओळखायचं कसं?

आपली फरशी कुठली हे ठाऊक नसेल तर कपाटाखालचा किंवा दाराआडचा कोपरा घ्या. तिथे लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाका आणि पाच-दहा मिनिटं थांबा. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तेवढी जागा निस्तेज दिसली, तर तो चुनखडीचा दगड किंवा मोझॅक. त्या फरशीला अ‍ॅसिडच काय, लिंबू आणि व्हिनेगरही लावायचं नाही. काहीच झालं नाही तर ती भाजलेली टाइल किंवा ग्रॅनाइट समजायला हरकत नाही. कोपरा पुसलेला असावा, नाहीतर वरच्या खरेलाच बुडबुडे येतील आणि अंदाज चुकेल.

अ‍ॅसिड आणि टीसीएल एकत्र कधीच नको

गावाकडे पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर असते, म्हणजेच ब्लिचिंग पावडर. तिने डाग पांढरे होतात म्हणून काही जण संडास-न्हाणीत आधी टीसीएल टाकतात आणि वरून अ‍ॅसिड ओततात. दोन्ही एकत्र केलं की जास्त जोर येईल असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीत हा वायू फार लवकर साठतो. डोळ्यांत पाणी, घशात जळजळ, खोकला, छातीत कोंडल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. प्रमाण जास्त झालं तर फुप्फुसात पाणी होऊन जीवावर बेतू शकतं. दमा असलेल्या माणसाला तर थोडाही पुरतो.

संडास साफ करायच्या बाटलीबंद लिक्विडमध्येही बऱ्याचदा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच असतं. बाटलीच्या मागे ते छापलेलं असतं. त्यामुळे तेही टीसीएलसोबत चालत नाही. एका दिवशी एकच वस्तू वापरायची आणि भरपूर पाण्याने धुऊन काढायची, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

आणखी काही गोष्टी सवयीने होतात आणि महागात पडतात :

- सुट्टं अ‍ॅसिड पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवणं. शेतातून तहानलेलं आलेलं पोरगं ती बाटली तोंडाला लावतं.
- फवारणीच्या पंपात अ‍ॅसिड भरून फरशीवर मारणं. वाफ थेट नाकात जाते आणि पंपाचे धातूचे भागही खराब होतात.
- अ‍ॅसिडमध्ये पाणी ओतणं. ते उसळून अंगावर येतं. पातळ करायचंच असेल तर पाण्यात थोडं थोडं अ‍ॅसिड.
- धुतलेलं पाणी जनावरांच्या हौदाकडे, परसातल्या भाजीत किंवा आडाजवळ जाऊ देणं.
- अ‍ॅसिड आणि फिनेलचं भरपूर पाणी शौचालयाच्या टाकीत सोडणं. टाकीतली घाण कुजवणारे जिवाणू त्याने मरतात आणि टाकी लवकर तुंबते.

अ‍ॅसिडच्या विक्रीला नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, की सुट्टं अ‍ॅसिड विकताना दुकानदाराने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघावं आणि १८ वर्षांखालच्या कुणाला ते देऊ नये. हा आदेश अ‍ॅसिडहल्ले रोखण्यासाठी होता. त्यामुळे पोराला पैसे देऊन "जा, अ‍ॅसिड घेऊन ये" म्हणणं घरच्यांनीही बंद करायला हवं.

घरच्या घरी काय करता येतं?

रोजची फरशी : आधी कोरडं झाडून घ्या. पाण्यात फरशीचं सौम्य लिक्विड अगदी थोडं टाका, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. दोन बादल्या ठेवा, एक लिक्विडची आणि एक साध्या पाण्याची. फडकं साध्या पाण्यात खळबळून पिळायचं आणि मग पुन्हा लिक्विडच्या बादलीत घालायचं. शेवटी साध्या पाण्याचा एक हात आणि वर कोरडं फडकं. कोरडं फडकं फिरवलं की पाणी फरशीवर वाळत बसत नाही, म्हणून खरही कमी बसते. फरशीला पावसाचं साठवलेलं पाणी वापरता आलं तर सगळ्यात चांगलं, कारण त्यात क्षार नसल्यातच जमा.

टाइलवरची खर : लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल टाकून ते पाणी डागावर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मग ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. जाड थर असेल तर दोन-तीन वेळा करावं लागेल. हे फक्त भाजलेल्या टाइलला, शहाबादीला नाही. सांध जास्त वेळ त्या पाण्यात भिजू देऊ नका.

सांधेतला काळा मळ : खायचा सोडा पाण्यात कालवून लगदा करा, जुन्या दात घासायच्या ब्रशने सांधेत चोळा आणि धुऊन टाका. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्ला मोबाइलवर सारखा फिरतो. फेस जोरात येतो खरा, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ खारं पाणीच उरतं.

ओट्याजवळचा तेलकट थर : धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून लावा. हातात रबरी मोजे घाला, कारण सोड्यानेही कातडी उलते.

शहाबादी : साधं पाणी, सौम्य साबण आणि काथ्याचा ब्रश. खरेचा जाड पापुद्रा असेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडून काढा. त्याने नाही निघालं तर पुढचं काम मशीनचं.

माणूस लावला तर फायदा काय?

तालुक्याच्या ठिकाणी आता फरशी पॉलिशवाल्यांसोबत मशीनने घर साफ करून देणारी पोरंही दिसतात. "घरात बायका असताना याला कशाला पैसे द्यायचे?" हा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर मशीनच्या कामात आहे.

फरशी घासायचं मशीन म्हणजे खाली गोल फिरणारा जड ब्रश. हाताचा जोर एका जागी पाच मिनिटांत संपतो, मशीनचा सगळीकडे सारखाच राहतो. त्यामुळे कडक औषध लागत नाही, सौम्य लिक्विडवर भागतं. दुसरं यंत्र पाणी ओढून घेणारं. आपण घासतो तेव्हा मळाचं पाणी सांधेत मुरतं आणि वाळल्यावर पुन्हा तिथेच बसतं. हे यंत्र ते मळकं पाणी वाळायच्या आत ओढून घेतं. हाताने घासणं आणि मशीनने घासणं यात खरा फरक हाच.

शहाबादी, कोटा, मोझॅक यांना पॉलिशचं मशीन लागतं. त्याला घासायचे दगड लावतात, आधी जाड आणि मग बारीक. अ‍ॅसिडने खडबडीत झालेला वरचा भाग घासून फरशी परत गुळगुळीत होते. त्यावर सीलर मारला तर छिद्रं बुजतात आणि तेल, चहाचे डाग आत शिरत नाहीत. पॉलिशच्या शेवटी काही कारागीर ऑक्झॅलिक पावडर वापरतात. ती विषारी असते, म्हणून काम चालू असताना लेकरं आणि जनावरं लांब ठेवावीत.

हे दर महिन्याला करायचं काम नाही. रोजची फरशी नीट पुसली जात असेल, तर वर्षा-दोन वर्षांतून एकदा मोठी सफाई पुरते. पॉलिश त्याहूनही कमी वेळा लागतं. ज्या घरात म्हातारं माणूस, दमेकरी किंवा रांगतं लेकरू आहे, तिथे हा खर्च लवकर वसूल होतो. घरातल्या बाईचे गुडघे आणि कंबर हाही हिशेबातच धरला पाहिजे. तिच्या कामाला मजुरी लावत नाहीत म्हणून ते फुकट होत नाही.

सतरंजी, गालिचा आणि खालची मॅट

आपल्याकडे लोकरी गालिचा क्वचितच असतो. पण बैठकीची सतरंजी, सोफ्याचं कापड, कारखान्यात बनलेला नायलॉनचा गालिचा आणि फरशीवर पसरलेली प्लॅस्टिकची मॅट बहुतेक घरांत असते. मॅटलाही लोक कार्पेटच म्हणतात.

कापडाच्या विणीत धूळ खोलवर बसते. तिथेच डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे राहतात. ते माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात. त्यांच्या विष्ठेमुळे शिंका, नाक वाहणं आणि दम्याचा त्रास वाढतो. दमट हवेत ते वाढतात, कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मानवत नाही. म्हणूनच सतरंज्या-गोधड्या उन्हात घालून काठीने झोडपायची जुनी रीत चांगलीच आहे. फक्त झोडपायचं ते बाहेर, आणि तोंडाला फडकं बांधून.

गालिचा आणि सोफा झोडपता येत नाही. तिथे व्यावसायिक सफाईचा उपयोग होतो. गरम पाणी आणि साबण जोराने आत मारायचं आणि लगेच मशीनने ओढून घ्यायचं, अशी ती पद्धत. खोलवरची धूळ त्या पाण्याबरोबर निघते. मशीनमधून निघालेलं काळं पाणी बघितलं, की रोज कशावर बसत होतो ते कळतं. पण पाणी पुरतं ओढलं गेलं नाही आणि सोफा दोन-तीन दिवस ओलाच राहिला, तर आत बुरशी धरते आणि कुबट वास येतो. म्हणून हे काम पावसाळ्यात नको, ऊन बघून करावं. लोकरीचा गालिचा असेल तर तसं आधी सांगावं. लोकर उकळत्या पाण्याने आक्रसते आणि सोड्याने खराब होते. घोंगडीलाही हेच लागू.

प्लॅस्टिकच्या मॅटखाली पुसायचं पाणी झिरपतं आणि तिथेच अडकतं. आठ-पंधरा दिवसांनी मॅट उचलून खालची फरशी कोरडी करायला हवी. घरात पोती रचली असतील तर तिथे ओल राहणार नाही हे आधी बघायचं, कारण त्या ओलीने मालालाही बुरशी लागते.

काम देण्याआधी हे विचारा

- भाव चौरस फुटाला की खोलीला? बारा बाय पंधराची खोली म्हणजे १८० चौरस फूट. आधी स्वतः मोजून ठेवा.
- लिक्विड कुठलं? डबा दाखवायला सांगा. शहाबादीवर अ‍ॅसिड टाकणार असेल तर काम देऊ नका.
- कोपऱ्यात हातभर जागा आधी करून दाखवणार का?
- पाणी ओढायचं मशीन आहे की फक्त घासायचं?
- कामगारांकडे मोजे आणि बूट आहेत का? नसतील तर धोका त्यांनाही आणि आपल्यालाही.
- टाइल फुटली, सोफ्याचा रंग गेला तर भरपाई कोण देणार? दोन ओळी कागदावर लिहून घ्या.
- वीज कधी असते ते बघून वेळ ठरवा. मशीन मधेच बंद पडलं तर ओला गालिचा तसाच राहतो.

अंगावर उडालं तर

अ‍ॅसिड अंगावर उडालं तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि तो भाग किमान वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेलं तरी तेच, पापणी उघडी धरून. वरून सोडा, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नका. कुणी अ‍ॅसिड प्यायलं तर उलटी काढायला लावू नका. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं. वायू नाकात गेला तर माणसाला आधी मोकळ्या हवेत आणा. १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येते. जमलं तर ती बाटलीही दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरांना काय गेलंय ते कळतं.

यंदा सामान अंगणात काढाल तेव्हा बाटली उघडण्याआधी कोपऱ्यात लिंबाचे दोन थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर बाटली परत करा आणि ते पैसे मशीनवाल्यासाठी बाजूला ठेवा. शहाबादी नीट ठेवली तर पुढची पिढीही तिच्यावरच जेवायला बसेल.